आईचा खांदा आखडलाय की स्नायू फाटलाय? आधी तिचा हात तुम्ही उचलून बघा

खानापूर तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय. आईचं वय ५४, आठ वर्षांपासून मधुमेह. पाच महिने झाले, डावा खांदा दुखतोय. कुठं पडल्या-झडल्या नाहीत. आधी नुसतं रात्री ठणकायचं, आता अंबाडा घालायला हात मागं जात नाही. एक्स-रे नॉर्मल आहे. एमआरआयमध्ये ‘सुप्रास्पिनेटसला अर्धवट फाट’ असं लिहून आलंय. एक डॉक्टर म्हणतात इंजेक्शन घ्या आणि व्यायाम करा, दुसरे दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवतात, आणि मामा म्हणतात की ओळखीतला एकजण झटका देऊन हात मोकळा करतो. कुणाचं ऐकायचं? आणि जुलैत रोप लावणीला आईला नेलं तर चालेल का?

मी बेळगावात २२ वर्षं फिजिओथेरपी करते. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळं पुढं लिहिलेलं निदान नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही, आणि सगळं तिच्यावरच ठरणार आहे. अंबाडा घालायला आईंचा हात जात नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या स्वतःच्या ताकदीनं जात नाही, की दुसऱ्यानं उचलला तरी जात नाही?

आपल्या भागात पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात. दार उघडत नाही म्हणून घरातून हाक आली, तर उघडणाऱ्याच्या हातात जोर नाही की दारच चौकटीत अडकलंय, हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या कुणी ढकलून बघितलं की लगेच कळतं. खांद्याचंही तसंच. माझ्याकडं चंदगडपासून बैलहोंगलपर्यंतची माणसं येतात. मराठी बोलणारे म्हणतात ‘खांदा धरलाय’, कन्नड बोलणारे म्हणतात ‘हेगल हिडदैती’. दोन्हीचा अर्थ एकच. पण या एका ‘धरलाय’ शब्दाखाली दोन अगदी वेगळे आजार येतात. एकात ओढणारी दोरी दुखावलेली असते, दुसऱ्यात दारच फुगलेलं असतं.

त्यासाठी खांदा आतून कसा आहे ते थोडं समजून घ्या. मांडीचा सांधा उखळासारखा खोल असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल आणि मोठं, आणि ते ज्या वाटीत बसतं ती वाटी पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाला असते. वाटी म्हणायचं इतकंच, खरं तर ती बशी आहे. बशीवर मोसंबं ठेवावं तसा हा सांधा. चेंडूचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा एका वेळी बशीला टेकतो. बशीच्या काठाला कुर्चेची कड असते, तिनं थोडी खोली येते. एवढ्या उथळ जागी मोसंबं जागेवर ठेवायचं काम चार स्नायू करतात: सुप्रास्पिनेटस, इन्फ्रास्पिनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. चौघांचे कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, चेंडूला वरून, मागून आणि पुढून मुठीसारखे धरतात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. आपल्याकडं कंडरा, स्नायू, मज्जातंतू, रक्तवाहिनी सगळ्यालाच ‘शीर’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळं ‘शीर फाटलीय’ ऐकून घरची माणसं घाबरतात. रक्ताची शीर आणि हाताची ताकद नेणारी नस, दोन्हींचा या फाटीशी संबंध नाही.

हात पूर्ण वर नेताना साधारण १८० अंशांपैकी १२० अंश या चेंडूच्या सांध्यात होतात आणि ६० अंश फऱ्याचं हाड पाठीवर फिरल्यामुळं मिळतात. म्हणून खांदा आखडला तरी बाई फरा उचलून, कमरेतून वाकून हात बराच वर नेऊन दाखवते आणि घरच्यांना वाटतं, फारसं काही झालेलं नाही. समोरून नको, पाठीमागं उभं राहून बघा. दुखऱ्या बाजूचा फरा लवकर वर सरकताना दिसेल.

आणखी एक भाग आहे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तोच महत्त्वाचा असावा असं मला वाटतंय. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, कॅप्सूल. झब्बा शिवताना काखेत जास्तीचं कापड ठेवतात, नाहीतर हात वर केला की अख्खा झब्बा वर येतो. या पिशवीलाही काखेच्या बाजूला तशीच सैल घडी असते. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे आखडलेल्या खांद्यात, ही पिशवी सुजते, मग जाड होते आणि आटते. काखेतली घडीच नाहीशी होते. मग कुणीही ओढलं तरी हात ठरावीक जागेच्या पुढं जात नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननी याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं. ४० ते ६० या वयात जास्त, बायकांत जास्त, थायरॉइडच्या पेशंटमध्ये जास्त आणि मधुमेहात तर कितीतरी पटींनी जास्त. माझ्याकडं आखडलेला खांदा घेऊन कुणी आलं आणि शुगर तपासलेलीच नसली, तर मी व्यायाम सुरू करते आणि सोबत शुगर तपासायला पाठवते. खांद्यामुळं मधुमेह पहिल्यांदा सापडला असे कितीतरी पेशंट मी बघितलेत.

आता तपासायचं कसं ते सांगते. आईंना पाठ टेकून खुर्चीवर बसवा. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवून ठेवायची. हवं तर कोपर आणि बरगडी यांच्यात घडी केलेला टॉवेल धरायला द्या, म्हणजे कोपर सुटलं तर लगेच कळेल. मग त्यांना हात सैल सोडायला सांगा आणि तुम्ही दोन्ही मनगटं धरून हळूच बाहेरच्या बाजूला न्या, दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तशी. जोर लावायचा नाही, दुखलं की थांबायचं. उजवा हात मोकळा बाहेर गेला आणि डावा सुरुवातीलाच, भिंतीला लागल्यासारखा अडला, आणि एक्स-रे खरंच नॉर्मल असेल, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता खूप जास्त. एक्स-रेची अट मी मुद्दाम घालते. सांध्याची झीज असेल किंवा खांदा मागच्या बाजूला निखळून राहिला असेल, तरी हात असाच बाहेर वळत नाही. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा जोराचा धक्का बसल्यावर खांदा असा मागं निखळतो आणि कधी कधी कुणाच्या लक्षातच येत नाही.

याउलट तुम्ही धरल्यावर हात बाहेरही वळला, वरही गेला, पण आईंनी स्वतः उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या टप्प्यात कळ येते आणि पुढं गेलं की कमी होते, तर दुखणं रोटेटर कफचं असण्याची शक्यता जास्त. छताला रंग देणारे आणि उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवणारे यांच्यात मला हेच जास्त दिसतं. हात खांद्याच्या वर, त्यात वजन, आणि दिवसभर तेच काम.

पेशंट दुखणं कसं दाखवतो तेही मी बघते. खांद्याच्या आतलं दुखणं असलं की माणूस तळवा पसरून दंडाच्या बाहेरच्या बाजूवर फिरवतो आणि म्हणतो, ‘खांदा नाही, दंड दुखतोय.’ एका बोटानं खांद्याच्या माथ्यावर नेमका ठिपका दाखवला, तर हासळीच्या हाडाच्या टोकाचा छोटा सांधा मनात येतो. हात मानेपासून फऱ्यापर्यंत फिरला, कळ कोपराच्या खाली उतरत असली, बोटांना मुंग्या असल्या, तर मी आधी मान तपासते. मानेतल्या नसेवर दाब असलेल्या कितीतरी जणांनी महिनोन् महिने खांद्याला तेल चोळलेलं असतं.

आईंचा डावा खांदा आहे आणि त्यांना मधुमेह आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्टच लिहिते. चालताना, चढ चढताना खांदा, छाती किंवा जबडा भरून येत असेल, घाम सुटत असेल, दम लागत असेल, तर तो खांदा नाही. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. मधुमेहात हृदयाचं दुखणं नेहमीसारखं छातीतच येईल असं नाही. तसंच ताप आणि खांदा लाल-गरम होणं, कारण नसताना वजन घटणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं, किंवा पडल्यानंतर हात अचानक उचलताच न येणं, यातलं काही असेल तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टर.

एमआरआयकडं येते. ५४ व्या वर्षी सुप्रास्पिनेटसला अर्धवट फाट दिसणं हे केस पिकल्यासारखं असू शकतं. वयाबरोबर हा कंडरा झिजतो, आणि ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा पुष्कळ लोकांच्या एमआरआयमध्ये अशा फाटी सापडतात. वय वाढेल तसं त्यांचं प्रमाणही वाढतं. फोटोत दिसलेली फाट आणि आईंना होणारा त्रास यांचा मेळ बसतो का, हे तपासणीच ठरवते. अर्धवट फाटीनं हात दुखतो, कधी कमजोर होतो, पण दुसऱ्यानं धरून वळवल्यावरही भिंतीला लागल्यासारखा अडत नाही. हात जर तसा अडत असेल, तर फाट शिवायला घाई करून आईंचा मुख्य त्रास जायचा नाही. ऑपरेशननंतर हात काही आठवडे झोळीत राहणार, म्हणजे आधीच आखडलेला खांदा आणखी आखडण्याची भीती. तरुण माणसाला पडल्यामुळं पूर्ण फाट झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथं लवकर ऑपरेशनचा सल्ला मी स्वतः देते आणि पेशंटला थांबू देत नाही. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय त्यांना चुकीचं ठरवायचा हा मुद्दा नाही. त्यांना हे दोनच प्रश्न विचारा: तुम्ही हात धरून वळवल्यावर तो किती वळला? आणि त्रास फाटीमुळं आहे की पिशवीमुळं?

फ्रोझन शोल्डर धरून चाललो तर त्याचे साधारण तीन टप्पे असतात. पहिले काही महिने दुखणं जास्त आणि आखडणं वाढत जातं. मग दुखणं उतरतं पण हात जागच्या जागी अडतो. शेवटी हळूहळू मोकळा होतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. बहुतेकांचं बरंच सुधारतं, पण काहींना थोडी अडचण कायमची राहते, आणि मधुमेह असेल तर खांदा जास्त हट्टी असतो. पाच महिने आणि अजून रात्रीचा ठणका, यावरून आई पहिल्या टप्प्यात असाव्यात असं वाटतं. या टप्प्यातलं काम एकच, दुखणं कमी करायचं आणि आहे तेवढी हालचाल जपायची. ओढाताण करायची नाही.

हे मी एका पेशंटकडून शिकले. माझी सुरुवातीची वर्षं होती. शहापूरच्या एक शिक्षिका यायच्या, फळ्यावर लिहायला हात उचलत नव्हता. त्यांना लवकर शाळेत रुजू व्हायचं होतं आणि मलाही लवकर बरं करून दाखवायचं होतं. एक दिवस मी त्यांचा हात हद्दीच्या पुढं ढकलला. त्या तोंडातून आवाज न काढता पडून राहिल्या, फक्त दुसऱ्या हाताची मूठ चादरीत आवळलेली मला दिसत होती, तरी मी थांबले नाही. त्यानंतर तीन रात्री त्या बसून झोपल्या. आठवड्यानं आल्या तेव्हा हात आधीपेक्षा कमी जात होता, आणि पुढचे दोन महिने गेलेली जागा परत मिळवण्यात गेले. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी एकच नियम सांगते. व्यायाम करताना ताण जाणवला तर चालेल, पण नंतरचा ठणका तासाभरात उतरला पाहिजे. रात्री जास्त दुखलं तर आज जास्त झालं, उद्या कमी करायचं.

म्हणून मामांना सांगा, झटका नको. भूल देऊन सर्जननी खांदा मोकळा करणं हा मान्य उपचार आहे, पण तो ठरावीक पेशंटमध्ये, स्नायू पूर्ण सैल असताना, ऑपरेशन थिएटरमध्ये करतात, आणि तिथंही हाड मोडण्याचा थोडा धोका असतोच. जागेपणी, स्नायू ताठ असताना, पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या हाडाला झटका दिला, तर दंडाचं हाड मोडू शकतं किंवा कंडरा उरलासुरला फाटू शकतो. आपल्याकडं तालमीतल्या पोरांचेही निखळलेले खांदे एक्स-रे न काढता असेच ओढून बसवतात. हाड मोडलेलं असेल किंवा दंडाच्या बाहेरची कातडी बधिर झाली असेल, म्हणजे नस दुखावली असेल, तर ते पोर कायमचं आखाड्याबाहेर जाऊ शकतं.

इंजेक्शनबद्दल. मी इंजेक्शन देत नाही, ते अस्थिरोगतज्ज्ञांचं काम आहे. पण या पहिल्या टप्प्यात सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं दुखणं लवकर उतरतं आणि व्यायाम सोसतो, हे मी वारंवार बघते. ‘इंजेक्शननं हाड गळतं’ या भीतीनं बायका महिनोन् महिने रात्री जागून काढतात. एखाद-दुसरं इंजेक्शन योग्य जागी दिलं तर तशी भीती नाही, पण ते पुन्हा पुन्हा घेत राहायची गोष्ट नाही. आईंच्या बाबतीत काळजी शुगरची. इंजेक्शननंतर काही दिवस ती चढते. आधी शुगरच्या डॉक्टरांना विचारा, घरी ग्लुकोमीटर आणून ठेवा, आणि तीन महिन्यांची सरासरी खूपच जास्त असेल तर आधी ती खाली आणा. २०२० साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. त्यात ५०३ पेशंट होते आणि तीन उपचारांची तुलना होती: इंजेक्शनसोबत पद्धतशीर फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं, आणि दुर्बिणीनं पिशवी कापणं. वर्षानंतर तिन्हींपैकी एकही दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. मग सुरुवात कमी धोक्याच्या उपचारानं करावी, हा माझा सल्ला.

घरी काय करायचं तेही सांगते. उजवा हात टेबलावर टेकवून थोडं वाकायचं, डावा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला झोका द्यायचा. हात स्वतः हलवायचा नाही. मग टेबलावर कापड ठेवून त्यावर तळवा ठेवायचा आणि भाकरी पुढं सरकवावी तसा हात पुढं सरकवायचा. तिसरं, झाडूची काठी दोन्ही हातांत आडवी धरून, कोपर अंगाला लावून, उजव्या हातानं ढकलत डावा बाहेर वळवायचा. दिवसातून तीन-चारदा, पाच-पाच मिनिटं. एकदम अर्धा तास करून दोन दिवस झोपून राहण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पाठीमागं टॉवेल धरून ओढायचा व्यायाम सध्या नको, ठणका उतरल्यावर. झोपताना डाव्या कुशीवर नको. उताणं झोपून कोपराखाली आणि दंडाखाली घडी केलेली चादर ठेवा. हात मागं लोंबकळत नाही, त्यामुळं निम्मा त्रास तिथंच कमी होतो.

शेक द्यायला हरकत नाही, पण तापवलेली वीट किंवा तव्यावरचं फडकं नको. मधुमेहात कातडीला चटका उशिरा कळतो. खांद्यावर तळहाताएवढा फोड घेऊन आलेल्या बाईंना ‘भाजताना कळलं नाही का’ असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘बरं वाटत होतं.’ गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळा आणि आधी तुमच्या स्वतःच्या हातावर ठेवून बघा. तेल हलक्या हातानं लावा, पण सांधा तेलानं मोकळा होत नाही, हे घरातल्या थोरांना सांगावं लागेल.

सहा ते आठ आठवडे असं करूनही रात्रीची झोप येत नसेल, किंवा दुखणं गेलं पण हात महिनोन् महिने तिथंच अडला, तर पुढच्या उपचारांचा विचार जरूर करा. तेव्हा ऑपरेशनला मी नको म्हणणार नाही.

आता रोप लावण. सरसकट नाही म्हणणार नाही. लावणीत हात खांद्याच्या खाली, पुढं सोडलेला असतो, आणि त्या स्थितीत आखडलेला खांदा तसा शांत असतो. उजव्या हातानं रोप लावत, डाव्यात हलकी मूठ धरून, तास-दोन तास बांधावर बसत-उठत केलं तर बऱ्याच बायकांना जमतं. तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, उपटायचं काम मात्र देऊ नका, तिथं प्रत्येक मुठीला खांद्याला हिसका बसतो. पेंड्या डोक्यावर घेणं, चिखलात तोल सावरायला हात झटकन बाहेर टाकावा लागेल अशा निसरड्या बांधावरून चालणं, हेही यंदा नको. आणि आधी एक दिवस अर्धाच वेळ न्या. त्या रात्री आई नेहमीसारख्या झोपल्या तर दुसऱ्या दिवशी न्या, ठणकून उठल्या तर यंदाची लावण दुसऱ्या कुणाला तरी सांगा. शेतात आई काही बोलणार नाहीत, त्यामुळं सकाळी उठल्यावर तुम्हीच विचारा.